मागच्या दारानं

नयन: अगं पण आई, अख्खं घर पाडलं आपण! कौलं उतरवली, भिंती गेल्या, देव शेजारी नेऊन ठेवले. आणि तुझं आपलं एकच. चौकटीवरचं लाकूड, चौकटीवरचं लाकूड. ते काय हवेत लटकवू?

चंद्रावती: काढू नको असं नाय बोलले. विकू नको बोलले.

नयन: बोर्डीच्या रिसॉर्टवाल्याला असलंच पायजे. जुनं, दर्याचं पाणी प्यायलेलं. बाकडं करणार म्हणे त्याचं, पाहुण्यांना बसायला.

चंद्रावती: त्याच्यावर कोणी बूड टेकायचं नाय.

नयन: बूड नको, पण डोकं चालतं? जन्मल्यापासून आपटतोय मी. हर्षदाचा बाप घर बघायला आला, त्यानं पण आपटलं. टेंगूळ चोळत चहा प्यायला तो माणूस. मला वाटलं, लग्न मोडतंय आता.

चंद्रावती: वाकून यायचं असतं.

नयन: ते भूकंपाचे झटके बसून भिंतींना भेगा पडल्या म्हणून काम काढलं ना? मग आता एकदाच नीट करू. नवीन दार उंच घेणार मी. सहा फुटाचा माणूस सरळ आत आला पायजे.

चंद्रावती: घे. उंच घे. वाकायचे दिवस संपले असतील तर घे.

नयन: म्हणजे?

चंद्रावती: काय नाय. मला बोलतं नको ठेवू, मासळी कापतेय, मुशी. मोरलीला धार केलीय आजच. कामवाले कुठे गेले?

नयन: तलासरीचे आहेत, जेवले की आंब्याखाली आडवे होतात. तोवर मी ग्राइंडर फिरवला त्या लाकडावर. किती रंग गं! गुलाबी, निळा, पोपटी, परत निळा. बाबा दर दिवाळीला नवीन हात मारायचे. आणि खाली बघ काय निघालं.

चंद्रावती: घाव.

नयन: तुला माहितीय?

चंद्रावती: कुऱ्हाडीचे.

नयन: खाटकाच्या ओंडक्यासारखं झालंय. आणि एका घावात लोखंड अडकलंय, बोटाच्या पेराएवढं. खिळा असणार. फोटो पण टाकला मी.

चंद्रावती: कुठं टाकला?

नयन: ग्रुपवर. 'बघा, आमच्या दारात खिळा निघाला, ओळखा किती जुना.' मोठ्या आत्यानं हात जोडून पाठवले, तिला वाटलं देवच निघाला.

चंद्रावती: नारू भावजी आहेत त्या ग्रुपात?

नयन: काका? रोज सकाळी गुलाबाचं फूल कोण टाकतं मग? बघितलंय त्यानं. काय बोलला नाय. आई, बघ ना, हात कापलास का?

चंद्रावती: मुशीचं रक्त आहे. फोन दे इकडे. नको, तूच लाव. कल्पिताला लाव.

नयन: हिरामामाची कल्पिता? ती आता मार्केटात बसली असेल, डहाणू रोडला. ऐन धंद्याची वेळ.

चंद्रावती: लाव म्हटलं ना! ... हां, कल्पिता, मी आत्या. पाटी आवर. विकली नसेल तर दे कोणाला तरी. तो तुझा टेम्पोवाला आहे ना, त्याला घेऊन ये घरी. आत्ता. ... नाय गं, सामान नाय. तुझ्या बापाला न्यायचंय. ... हां. ये.

नयन: आई.

चंद्रावती: काय?

नयन: तिचा बाप मेलाय. ती पोटात होती तेव्हाच मेलाय. दर्यात.

चंद्रावती: तू पण पोटातच होतास. दोघी नणंद-भावजया एकाच वेळेला पोटुशा. मला कशाला सांगतोस?

नयन: मग 'बापाला न्यायचंय' काय? ती रडत येईल ना आता वाटभर!

चंद्रावती: रडू दे. तिच्या बापासाठी रडायला कोणी दिलंच नाय तिला. हे लाकूड कसलं आहे?

नयन: बोटीचं. बाबा सांगायचे, पावसाळ्यात उधाणानं किनाऱ्यावर टाकलं, फुकटात मिळालं. आपल्याकडे सगळ्यांच्याच घराला बोटीचं लाकूड असतं.

चंद्रावती: बोटीचा पठाण आहे हा. कणा. बोट बांधायला काढली की पहिला हा आडवा ठेवतात, मग बाकी सगळं. कोणाच्या बोटीचा, ते बाबांनी सांगितलं?

नयन: कोणाला माहीत असणार? लाकडावर काय नाव असतं?

चंद्रावती: लहान असताना दार आपटायचास. वरनं काय वाजायचं?

नयन: किण् करून वाजायचं. कडी सैल असेल.

चंद्रावती: कडी नाय. घुंगरू. माझ्या पैंजणाचं. आमच्या माहेरी पठाण ठेवताना त्याला भोक पाडतात आणि घरच्या पोरीची चांदी आत घालतात. मी पायातलं घुंगरू तोडून दिलं. दादानं राळेनं भोक बंद केलं आणि बोलला, चंद्री, आता तू रोज येशील माझ्याबरोबर दर्यात.

नयन: थांब. म्हणजे ही हिरामामाची बोट?

चंद्रावती: तुझ्या बाबानं ओढत आणलं दारात, खूश होऊन. मी पाय लावून उलटं केलं. लाकूड वाजलं.

नयन: पण मामाची बोट खडकावर फुटली ना? तो दारू पिऊन... सॉरी. पण सगळे हेच बोलतात.

चंद्रावती: पहिलं कोण बोललं?

नयन: काका. त्यानंच बघितलं होतं ना शेवटचं. दर शिमग्याला सांगतो. हिरा झिंगलेला होता, मी हाका मारल्या, त्यानं ऐकलं नाय.

चंद्रावती: खडक कुऱ्हाड घेऊन उभा असतो का दर्यात?

नयन: आई गं...

चंद्रावती: बोट वरनं फुटत नाय रे खडकावर. हे घाव आतल्या बाजूनं आहेत. आत उभं राहून कोणीतरी तळ फोडलाय.

नयन: कोणी? ... आई, कोणी? ... मागं कोण आहे? काका! घाबरवलंस ना. कुठनं आलास?

नारू: मागनं. असाच. बघायला आलो, काम कुठवर आलं.

नयन: अरे, मागं भिंतच नाय राहिली आणि तू मागच्या दारातनं आलास? चिखल तुडवत? पुढनं रस्ता मोकळा आहे.

नारू: सवय. मासळीची पाटी घेऊन यायची सवय, पुढनं आलं की घर बाटतं.

चंद्रावती: आज पाटी नाय तुमच्या हातात, भावजी. आज कुऱ्हाड आहे.

नारू: लाकूड फोडून देतो बोललो. ते चौकटीवरचं. किडलंय ते, वयनी. नवीन घराला वाळवी लागेल. आत्ताच फोडतो आणि मागं पेटवून देतो. रॉकेल आणलंय.

नयन: रॉकेल पण आणलंस? काका, ते विकायचंय मला.

नारू: कशाला विकतोस! घावांनी चाळण झालीय त्याची. त्यात पात्याचा तुकडा बसलाय, कोणाची करवत तुटेल. सर बाजूला.

नयन: कशाचा तुकडा?

नारू: लोखंडाचा.

नयन: पात्याचा बोललास.

नारू: तेच ते.

नयन: मी ग्रुपवर खिळा लिहिलं होतं. इथं उभा राहून मला पण खिळाच वाटला. तुला फोटोत पातं दिसलं?

नारू: डोकं नको खाऊ, नयन. सर.

नयन: काका, एक विचारू? तू ह्या दारातनं कधी आत आलायस?

नारू: काय?

नयन: माझं बारसं, मुंज... मुंज नाय आपल्यात, जाऊ दे. बाबा गेले तेव्हा! बाबांना पुढनं बाहेर काढलं, सगळे होते. तू मागनं वळसा घालून पुढं गेलास आणि रस्त्यावर खांदा दिलास. मी बघितलं होतं. मला वाटलं, रडत होतास म्हणून.

चंद्रावती: आला होता एकदा. घर नवीन होतं तेव्हा. अख्खं गाव घर बघायला येत होतं, मी इथं आत बसून एकेकाचं तोंड बघत होते. लाकूड मीच बसवायला लावलं, घाव खालच्या अंगाला करून, बिनरंगाचं. कोणाला काय कळलं नाय. सगळ्यांना वाटलं, सुतार वाईट होता. आणि हा आला पेढे घेऊन. उंबऱ्यात पाय टाकला, वर बघितलं, आणि फिरला. पेढे कुत्र्यानं खाल्ले. त्या दिवसापासून हा मागच्या दाराचा.

नारू: वयनी, तोंड सांभाळ.

चंद्रावती: इतकी वर्षं सांभाळलंच. तुला भावजी भावजी करून जेवायला वाढलं. बस आता. तू दारातनं फिरलास, तेव्हाच कळलं होतं मला, नाऱ्या. तूच.

नारू: सर, नयन!

नयन: नाय सरत. कुऱ्हाड खाली ठेव.

नारू: तुझ्यासकट फोडीन!

नयन: फोड! मामाला फोडला तसा फोड! दे इकडे, सोड, सोड म्हटलं ना...

(कुऱ्हाड सुसाटत वर जाते आणि लाकडात बसते. लाकूड चौकटीवरनं सुटून खाली कोसळतं. किण्.)

चंद्रावती: ऐकलंस? वाजलं. अजून वाजतंय बघ.

नयन: आई, माझा हात! दंडाला लागलं, रक्त... काका, वेडा झालास काय! परत उचलू नकोस! आई, तू मधे नको येऊ!

नारू: आज दोघांना आडवं करीन, पण हे लाकूड ह्या घरातनं अख्खं जाणार नाय! वयनी, खलातला बत्ता कशाला उचललास? बत्ता टाक हातातला. वयनी... आऽऽ! बोटं! बोटं मोडली माझी! आई गं!

चंद्रावती: कुऱ्हाड सुटली ना? मग बरोबर ठिकाणी मोडली. नयन, उचल ती. पदर फाडून घे, दंडाला बांध. घट्ट बांध. खोल नाय, कातडं गेलंय.

नयन: हलू नकोस, काका. शप्पत सांगतो, हललास तर मारीन. तुझीच कुऱ्हाड तुझ्या डोक्यात घालीन.

नारू: घाल. घाल ना. संपव.

चंद्रावती: कुऱ्हाड बघ, नयन.

नयन: काय बघू? हिच्यानंच तर सरपण फोडत मोठा झालो मी. ही... हिचा कोपरा नाय. पात्याचा खालचा कोपरा उडालाय. मी विचारायचो, तर बोलायचा, दगडावर लागली.

चंद्रावती: लाकडाला लावून बघ.

नयन: नको.

चंद्रावती: लाव.

नयन: ... बसतंय. आई, बरोबर बसतंय.

नारू: चांगलं लोखंड होतं. माझ्या बापाचं. टाकून कसं देणार?

नयन: टाकून कसं देणार? कुऱ्हाड टाकवली नाय तुला, माणूस टाकवला?

नारू: त्यानं माझं जाळं कापलं होतं! नवीन जाळं! बायकोचं डोरलं मोडून घेतलेलं! सकाळी दर्यात जाळं बांधलेल्या खुंटाजवळ गेलो तर दोरच नाय, चिंध्या तरंगत होत्या. आणि त्याचं जाळं तिकडे किनाऱ्याकडे, अख्खं. त्याची बोट पुढं दिसली. एकटाच होता. मी बोटीला बोट लावली, चढलो. बोललो, हिरा, जाळं का कापलंस? तो हसला.

चंद्रावती: तो सगळ्यांनाच हसायचा.

नारू: हसला ना! मी मारली. खांद्यात बसली. तो खाली बसला आणि बोलला, नारू, काय केलंस रे, चंद्रीला काय सांगशील? तुझं नाव घेतलंन. मग मला थांबताच येईना. तळ फोडला. फोडत सुटलो. पाणी आलं, मी माझ्या बोटीत उडी मारली. तर त्यानं माझ्या बोटीचा काठ धरला. दोन्ही हातांनी. सोडेचना, वयनी. मी सांगत होतो सोड, सोड. मग बोटांवर...

चंद्रावती: बोटांवर.

नारू: हां.

नयन: बस कर. बस कर!

चंद्रावती: आणि जाळं? ते पण सांग त्याला. जाळं कोणी कापलं होतं? त्या आठवड्यात अख्ख्या बंदराची जाळी फाटली होती. बाहेरचा मोठा ट्रॉलर रात्रीचा आत घुसून सगळ्यांचे खुंट घेऊन गेला. दादाचं वाचलं, कारण दादाचं किनाऱ्याजवळ होतं. हे तुला कधी कळलं?

नारू: दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी.

चंद्रावती: आणि त्याच संध्याकाळी तू माझ्या माहेरी जाऊन सांगितलंस, हिरा पिऊन होता.

नयन: आई, आणि तू? तुला माहीत होतं आणि तू ह्याला जेवायला वाढत होतीस? मला ह्याच्या खांद्यावर बसवून जत्रेला पाठवत होतीस?

चंद्रावती: माझे चुलतभाऊ कोयते घासून बसले होते, कोणावर उचलायचे तेवढं कळायची वाट बघत. मी एक नाव घेतलं असतं तर ह्या घरात एक पण पुरुष उरला नसता. तुझा बाप त्यात पहिला, तो झोपायचा दारात. तू पोटात. काय केलं असतं तू?

नयन: बाबांना माहीत होतं?

चंद्रावती: विचारलं नाय त्यानं कधी. पण लाकूड बघून भाऊ फिरला, तर दिवाळीला गुपचूप रंगाचा डबा घेऊन आला. आणि दर दिवाळीला आणत राहिला. माणूस न विचारता पण विचारतोच.

नयन: रंग लावून लावून घाव बुजवले त्यांनी.

चंद्रावती: घाव बुजले. दार बुटकंच राहिलं. मी बोलले, राहू दे.

नारू: पोलिसात देणार मला?

चंद्रावती: मी कोण देणारी? जिचा बाप, ती ठरवेल. हॉर्न वाजला. ती आली.

नारू: तिला नको, वयनी. पाया पडतो. तिचं बाळंतपण माझ्या बायकोनं केलंय. ती मला काका बोलते.

चंद्रावती: आणि तिला गाव काय बोलतं? दारुड्याची पोर. शाळेत बोललं, सोयरीक जमवताना बोललं, मासळीचा भाव करताना आजही बोलतं, दारुड्याच्या पोरीनं काटा मारला. आधी तेवढं काढ तिच्या अंगावरचं. बाकी नंतर.

कल्पिता: आत्या? आत्या, काय झालं? हे रक्त कोणाचं? नयन! काका, तुझ्या हाताला काय झालं? फोनवर काय बोललीस तू, मला काय सुचत नाय, मी मासे तसेच टाकून आले...

चंद्रावती: बस इथं. त्या लाकडावर बस. तू एकटीच बसू शकतेस त्याच्यावर. काका तुला काहीतरी सांगणार आहे.

कल्पिता: काय, काका? बोल ना. असा काय बघतोस?

नारू: पोरी. तुझा बाप त्या दिवशी पिऊन नव्हता.

कल्पिता: मग?

नारू: मी होतो त्याच्या बोटीत. कुऱ्हाड घेऊन.

कल्पिता: म्हणजे? नयन, हा काय बोलतोय? ही कुऱ्हाड... आत्या? आत्या, हे लाकूड कशाचं आहे?

चंद्रावती: हात लाव. तिथं, त्या टोकाला. बोटानं वाजव.

कल्पिता: ... आत काहीतरी आहे.

चंद्रावती: तुझा बाप आहे. जेवढा मिळाला तेवढा. हो, बघ त्याच्याकडे. नीट बघ. त्यानंच.

कल्पिता: मी... मला कुऱ्हाड दे, नयन.

नयन: कल्पिता...

कल्पिता: दे म्हटलं ना! दे!

चंद्रावती: देऊ नको. कल्पिता, ऐक. रड, ओरड, त्याच्या तोंडावर थुंक. उद्या पोलिसात चल, मी येते, सगळं सांगते. पण आधी एक काम राहिलंय. तुझ्या बापाला कोणी घरातनं काढलाच नाय. खांदा नाय मिळाला त्याला. आज काढायचं. स्मशान दर्याकडेच आहे, टेम्पो नको, चालत जाऊ.

नयन: आई, बायका खांदा देतात का?

चंद्रावती: पुरुषांनी दिला का? मी पुढनं धरते, कल्पिता माझ्या बाजूला. मागनं तू, नयन, तुझा हात चालतो तो लाव. चार लागतात. एक कमी पडतोय.

नारू: वयनी, माझी बोटं...

चंद्रावती: बोटं मोडलीत. खांदा शाबूत आहे.

कल्पिता: हा? हा देणार माझ्या बापाला खांदा?

चंद्रावती: हाच. गावानं बघू दे आणि विचारू दे, हे काय चाललंय. आणि जो विचारेल त्याला हा सांगेल, आपल्या तोंडानं. वाटभर. सांगशील ना?

नारू: सांगीन.

चंद्रावती: कल्पिता?

कल्पिता: माझ्या बाजूला नको त्याला.

चंद्रावती: मागं राहील तो. उचला. हळू, नयन. घुंगरू वाजू दे. ... कुठं चाललास, नाऱ्या? तिकडनं नाय. पुढनं.

नारू: वयनी, त्या दारातनं नको...

चंद्रावती: ये. वाकायला नको आता. दार उंच झालंय.